खोक्यावर एक, खोक्यात एक

प्रस्तावना

"आई, हा ऑप्टिमस नाहीये."

२००७ सालचा जुलै महिना, न्यू जर्सीतलं आमचं घर, मुलाचा सातवा वाढदिवस. मायकेल बेचा 'ट्रान्सफॉर्मर्स' नुकताच थिएटरात लागला होता आणि इमारतीतल्या सगळ्या मुलांच्या तोंडी एकच नाव होतं, ऑप्टिमस प्राइम. मी दुकानात जाऊन खोका आणला होता. वर ऑप्टिमसचं चित्र होतं, पुढच्या पारदर्शक खिडकीतून लाल-निळा ट्रक दिसत होता, पावती पर्समध्ये होती. केक कापून झाला, कागद फाडला गेला आणि मुलाने खेळणं हातात घेऊन दोन सेकंदांत निकाल दिला. चित्रातल्या ट्रकला लांब नाक होतं, निळ्या अंगावर लाल ज्वाळा होत्या. हातातल्या ट्रकचं तोंड सपाट होतं आणि ज्वाळांचा पत्ताच नव्हता. मला ते दुकानात दिसलं नाही. मी लाल-निळा रंग पाहिला आणि पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी मी ते परत घेऊन गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही मोठ्या दुकानात घडतं. काउंटरवरच्या मुलीने बारकोड वाचून घेतला. यंत्राच्या हिशेबी सगळं बरोबर होतं. मी चित्र आणि ट्रक शेजारी शेजारी धरून दाखवले. तिने व्यवस्थापकाला बोलावलं. तो बराच वेळ ट्रककडे पाहत राहिला, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "घरात असाच एखादा जुना होता का?" आवाज सौम्य होता, पण प्रश्नाचा अर्थ मला कळला. कुणाचा एक पैसा कधी बुडवला नाही, आणि परक्या देशात, मुलाचा हात हातात धरलेला असताना, माझ्यावर चोरीचा संशय आला होता. पैसे मिळाले. खोका मात्र माझ्यासमोरच नवी चिकटपट्टी लावून ढकलगाडीत टाकला गेला. चार दिवसांनी मी पुन्हा त्या दुकानात गेले, तर तोच दुमडलेला कोपरा घेऊन तोच खोका फळीवर बसला होता, पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत.

हे पुस्तक त्या फळीसमोर सुरू झालं. रूप बदलणारे रोबो कसे जमवावेत, हा त्याचा विषय आहेच. पण त्याच्या मुळाशी पारख आहे. एखादी वस्तू हातात घेतल्यावर ती खरोखर कोण आहे हे कसं ओळखायचं, आणि ओळखल्यावर आपल्यावर काय जबाबदारी येते, हे मला सांगायचं आहे.

ही खेळणी मुळात अमेरिकेची नाहीत. त्यांचा जन्म जपानचा. टोकियोच्या टकारा कंपनीने १९८० साली 'डायाक्लोन' नावाची मालिका काढली. तिच्यातल्या गाड्या आणि यंत्रं रोबो होत आणि त्यांत जेमतेम तीन सेंटिमीटरचे, पायात लोहचुंबक असलेले चालक बसत. टकाराचीच दुसरी मालिका 'मायक्रोमॅन'. तिची कल्पना अशी की हे चिमुकले वीर आपल्याच घरात, आपल्याच वस्तूंमध्ये राहतात. म्हणून १९८३च्या 'मायक्रो चेंज'मध्ये टेपरेकॉर्डर, कॅसेट, पिस्तूल अशा खऱ्या आकाराच्या वस्तूंचे रोबो झाले. ही दोन मुळं ध्यानात ठेवली की पुष्कळ कोडी सुटतात. ऑप्टिमस पूर्ण ट्रकचा, तर त्याचा वैरी मेगाट्रॉन हातात मावणाऱ्या वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचा, हे कसं? दोघे वेगवेगळ्या घरांतून आलेले. १९८४च्या ऑटोबॉट, म्हणजे ऑप्टिमसच्या बाजूच्या, गाड्यांच्या आत बसायला जागा का? कारण तिथे कधी काळी डायाक्लोनचा चालक बसत असे. कोजिन ओनो, शोजी कावामोरी यांच्यासारख्या आरेखकांनी त्या गाड्यांना आकार दिला. कावामोरी पुढे 'मॅक्रॉस' या ॲनिमे मालिकेमुळे जगभर ओळखला गेला.

अमेरिकेत ही खेळणी यावीत म्हणून आग्रह धरणारा माणूस होता हेन्री ओरेनस्टाइन. १९२३ साली पोलंडमध्ये जन्मलेला, नाझी छळछावण्यांतून वाचलेला आणि पुढे अमेरिकेत खेळण्यांचा संशोधक झालेला हा गृहस्थ. त्याने ऱ्होड आयलंडच्या हॅस्ब्रो कंपनीला पटवलं की या जपानी कोड्यांमध्ये मोठी गोष्ट दडली आहे. गोष्ट लिहिण्याचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. जिम शूटरने कथेचा आराखडा केला, डेनी ओनीलने ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं आणि बॉब बुडियान्स्कीने बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव लिहून काढले. १९८४ साली खेळणी, कॉमिक आणि टीव्ही मालिका एकदमच आली. नुसत्या यंत्राला नाव मिळालं, स्वभाव मिळाला, बाजू मिळाली. मुलं ही खेळणी 'हा', 'तो' म्हणून ओळखतात ती यामुळे. माझा मुलगा "हे ते खेळणं नाहीये" असं म्हणाला नाही. "हा ऑप्टिमस नाहीये" असं म्हणाला.

आता जरा जवळून पाहू. माझ्या टेबलावर १९८४चा ऑप्टिमस आहे. ट्रेलर काढून ठेवला की उरते सपाट तोंडाची लाल केबिन आणि मागे लांब निळा भाग. तो मागचा भाग खाली वळवला की पाय होतात. केबिनच्या बाजू फिरवल्या की हात मोकळे होतात. मागची झडप उलटली की निळं डोकं वर येतं आणि ट्रकची समोरची काच आता छाती झालेली असते. मुठी मात्र सुट्या. त्या मनगटात बसवाव्या लागतात. म्हणूनच जुन्या बाजारात मिळणाऱ्या ऑप्टिमसच्या मुठी हमखास हरवलेल्या असतात. हे सगळं करताना बोटांना काही गोष्टी कळतात. धातूच्या भागांचा गारवा आणि वजन कळतं. सांधा किती ताकदीने फिरतो ते कळतं. शेवटच्या टप्प्यावर खट्‌ असा जो बारीक आवाज येतो, त्यावरून भाग नीट बसला हे कळतं. नक्कल असेल तर बहुधा इथेच फसते: प्लॅस्टिक मऊ लागतं, सांधा एक तर लटपटतो नाही तर अडतो, खट्‌ असा आवाज येत नाही. डोळा फसेल, पण शंभर वेळा फिरवलेल्या बोटांना फसवणं अवघड.

खऱ्याखोट्याची काळजी या खेळण्यांबरोबर लहानपणापासून वाढली आहे. बाजारात नकला येऊ लागल्या तेव्हा १९८५पासून हॅस्ब्रोने रोबोंवर एक चौकोनी चिन्ह लावायला सुरुवात केली. अंगठ्याने घासलं की उष्णतेने रंग बदलायचा आणि ऑटोबॉट की मेगाट्रॉनच्या बाजूचा डिसेप्टिकॉन, ते दिसायचं. खोक्याच्या मागे प्रत्येक पात्राच्या ताकदीचा, बुद्धीचा, वेगाचा तक्ता असे. तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नसे, लाल पारदर्शक पट्टी धरली की आकडे उमटत. त्या पिढीच्या मुलांना कंपनीनेच शिकवलं होतं की वर दिसतं तेवढ्यावर थांबायचं नाही. संग्राहक होणं म्हणजे तीच सवय मोठेपणी टिकवणं.

आता माझ्या खोक्यात झाली तशा अदलाबदलीकडे येते. तिची रीत सोपी आहे. एखादा माणूस नवा रोबो विकत घेतो. घरी खोका हळुवार उघडून रोबो काढून घेतो. आत एखादा जुना, मोडका किंवा स्वस्तातला नकली रोबो ठेवतो, चिकटपट्टी लावतो, पावती घेऊन दुकानात जातो आणि पूर्ण पैसे परत मिळवतो. काउंटरवरचा माणूस बारकोड पाहतो. त्याच्या दृष्टीने खोका म्हणजेच माल. त्याला दोष देता येत नाही. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तिन्ही विमानं १९८४पासून एकाच साच्यातून निघतात, फरक रंगाचा. दिवसभर टोस्टर, चादरी आणि सायकली परत घेणाऱ्या माणसाने त्यांतला फरक ओळखावा, अशी अपेक्षा कशी धरायची? खोका पुन्हा फळीवर जातो. चोरी दुकानाची झाली असं वाटतं, पण तिची किंमत मोजतो तो खोक्यावर विश्वास ठेवणारा पुढचा माणूस. आणि खेळण्यांच्या बाबतीत तो पुढचा माणूस बहुतेकदा लहान असतो.

मग ओळखायचं कसं? पुस्तकाची मधली सहा प्रकरणं याच प्रश्नावर आहेत. इथे नमुन्यादाखल थोडं सांगते.

आधी चिकटपट्टी. कारखान्यातली पट्टी सरळ आणि एकेरी असते. पट्टीवर पट्टी, किंवा पट्टीच्या कडेला उचकटलेल्या पुठ्ठ्याचे पांढरे तंतू दिसले, तर खोका एकदा उघडला गेला आहे. मग आतली बांधणी. नवा रोबो कागदी दोऱ्यांनी किंवा तारेच्या पिळांनी पक्का बांधलेला असतो आणि त्याच्या अंगाच्या मापाच्या खाचेत बसवलेला असतो. खाच मोठी आणि रोबो लहान, खोका हलवल्यावर आत काही गडगडतंय, शस्त्रांच्या खाचा रिकाम्या: यातली एकही खूण दिसली तर थांबावं. मग चित्र. खोक्याच्या मागच्या फोटोतला चेहरा, छातीवरचं चिन्ह, चाकांची संख्या, रंगाच्या कडा एकेक करून ताडून पाहाव्यात. नुसता रंग पाहू नये. ती चूक मी केली आहे.

शेवटी अंगावरची अक्षरं. खऱ्या रोबोवर कुठेतरी, पायाच्या तळव्याशी, पाठीवर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला, स्वामित्वहक्काचं वर्ष, कंपनीचं नाव आणि देशाचं नाव कोरलेलं असतं. त्यात २००६ साली टकारा आणि टोमी एक झाल्या, हेही वाचता येतं. अलीकडच्या रोबोंवर शिवाय उत्पादनाच्या दिवसाचा बारीक सांकेतिक आकडा छापलेला असतो आणि तसाच एक आकडा खोक्यावर असतो. दोन्हींच्या तारखा जवळपासच्या असायला हव्यात. खोका या वर्षीचा आणि रोबो दहा वर्षांपूर्वीचा निघाला, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. जे जुळत नाही ते सगळंच चोरीचं नसतं. कारखान्यातही चुका होतात. दोन्ही डावे पाय घेऊन आलेला रोबो माझ्या संग्रहात आहे आणि तो मी सीलबंद खोक्यातून काढला आहे. सुरुवातीच्या काळात क्लिफजंपर नावाच्या रोबोच्या पुठ्ठ्यावर वेगळ्याच साच्याची एक छोटी गाडी विकली गेली. संग्राहक तिला 'बंपर' म्हणतात आणि तिच्यासाठी जिवाचं रान करतात. २०१८पासून अमेरिकेत जुन्या रोबोंच्या नव्या आवृत्त्या पुन्हा दुकानांत आल्या. त्या जुन्या नाहीत, पण खोट्याही नाहीत. नक्कल, नवी आवृत्ती, कारखान्याची चूक आणि अदलाबदल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केली की एक तर चोराला सोडून दिलं जातं, नाही तर निरपराध माणसाकडे बोट दाखवलं जातं. त्या बोटापुढे उभं राहणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न अधिक बिकट झाला. हॅस्ब्रोने २०२०पासून खोक्यांतलं प्लॅस्टिक कमी करायला घेतलं. हेतू चांगला होता आणि माझा त्याला पाठिंबाच आहे. पण पारदर्शक खिडकी गेली तेव्हा आत कोण आहे हे पाहण्याची सोयही गेली. बंद खोक्यात काहीही भरता येऊ लागलं. २०२३ साली कंपनीने काही फिगर्सच्या खोक्यांना खिडकी परत द्यायचं जाहीर केलं, या वेळी पुनर्वापरातल्या किंवा वनस्पतिजन्य प्लॅस्टिकची. त्याआधीच खेळण्यांची खास दुकानंही कमी झाली होती. टॉइज आर असची अमेरिकेतली दुकानं २०१८च्या जूनमध्ये बंद झाली. ज्यांच्या नोकरांना खेळण्यांमधलं कळत होतं अशी ती एक जागा होती. आता कळणारा माणूस काउंटरच्या आत सापडणं कठीण, म्हणून तो काउंटरच्या बाहेर असायला हवा.

हे पुस्तक मराठीत का, असं मला विचारलं गेलं. कारण सरळ आहे. भारतात २०२०च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७० टक्के. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. देशातल्या कारखान्यांसाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे नियम आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे पुण्या-नाशिकचा संग्राहक अमेरिकेतल्या मावशीला, काकाला फोन करतो: "येताना एक घेऊन ये ना." आणि आम्ही सगळे आणतो. भाजणी रिकामी झालेल्या बॅगेत परतीला रोबो भरले जातात. मग खोका उघडतो तो सातासमुद्रापार, महिन्याभराने. आत दुसराच निघाला तर परत कुठे करणार? म्हणून बॅग भरण्याआधी, शक्यतो दुकानातच, खोका नीट पाहून घ्यावा. या पुस्तकाचं सगळ्यात छोटं प्रकरण त्या मावशी-काकांसाठी आहे, आणि ते दुकानात उभ्या उभ्या फोनवर वाचता येईल इतकंच ठेवलं आहे.

आपल्याकडेही या छंदाचा धागा आहे. हॅस्ब्रोच्याच 'जी. आय. जो' मालिकेतले सैनिक, गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने भारतात काढले. त्यांच्या वेगळ्या रंगसंगतीसाठी परदेशातले संग्राहक आज ते शोधत असतात. आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत काय पडलं आहे, हे पाहण्याची दृष्टी आपल्यालाही यावी, हीसुद्धा या लेखनामागची इच्छा आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात १९८४पासूनचा इतिहास आहे: १९८६च्या चित्रपटात ऑप्टिमस मेला तेव्हा थिएटरात रडलेली मुलं, १९९६च्या 'बीस्ट वॉर्स'मधले प्राणी, 'मास्टरपीस' मालिकेतला २००३चा पहिला रोबो, आणि २०२४ साली रोचेस्टरच्या राष्ट्रीय खेळणी दालनात मिळालेलं मानाचं स्थान. दुसरा भाग पारखेचा. तिसरा निगेचा: पांढरं प्लॅस्टिक पिवळं का पडतं, सोनेरी चकाकीचं प्लॅस्टिक काही वर्षांनी बिस्किटासारखं का तुटतं, आणि जुना रोबो फिरवण्यापूर्वी थांबून विचार का करावा.

त्या खोक्याचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. फळीवर तो दिसला तेव्हा मी तो उचलला आणि काउंटरवर नेला. व्यवस्थापक तोच होता. या वेळी मी घरून शिकून आले होते. त्याला ज्वाळा दाखवल्या, नाक दाखवलं, रिकाम्या खाचा दाखवल्या. ट्रकच्या तळाशी बोट ठेवून सांगितलं की इथे कंपनीचं नाव हवं, वर्ष हवं, आणि इथे काहीच नाही. त्याने ट्रक हातात घेऊन उलटासुलटा केला, स्वतः पाहिलं, आणि माझी माफी मागितली. खोका मोडून कचऱ्यात टाकला. ट्रकही टाकणार होता. मी तो मागून घेतला. आज तो माझ्या संग्रहात पहिल्या जागेवर आहे, खाली मराठीत चिठ्ठी आहे: 'खोक्यात सापडलेला, जुलै २००७'. मुलगा आता मोठा झाला आहे. घरी आला की तो सगळ्यांत आधी तोच उचलतो आणि त्याचा लटपटता हात सरळ करून ठेवतो.

वाचकहो, तुम्हाला फळीवर असा एखादा खोका दिसेल, तेव्हा तो नुसता टाळून पुढचा घेऊ नका. दोन मिनिटं काढा, काउंटरवर न्या, शांतपणे समजावून सांगा. तुम्हाला ओळखता आलं म्हणून तुम्ही वाचलात. तुमच्यामागून येणाऱ्या कुणाच्या तरी हातात वाढदिवसाची यादी आहे.

एडिसन, न्यू जर्सी
गुढीपाडवा